भिंतीपलीकडची धार

तुलसाबाईला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, तिच्या तोंडावर बोललेली आहे, आणि तिनं ते मान डोलावून कबूलही केलेलं आहे. "नाही पाहवत मले. तुमाले पाहवते का, मास्तरीणबाई? खरं सांगा," असं तिनं उलट मलाच विचारलं होतं. मी विषय बदलला.

गोंदियाला चिकटून असलेल्या मुर्रीत आम्ही भाड्यानं राहतो. मी गोंदियातल्या एका शाळेत मराठी शिकवते, नवरा राइस मिलमध्ये आहे. आमच्या दारासमोर तुलसाबाईचं दार. मी वर्ध्याकडची. ना तिच्या माहेरची, ना सासरची, ना पोवारांच्या जातीतली. त्यामुळे माझ्यापाशी बोललेलं कुठं जाणार नाही असा तिचा समज आहे. आणि मी हे लिहायला बसले आहे. पण तिनं वाचलं तरी ती एवढंच म्हणेल की लहानीबद्दल फार चांगलं लिहिलंत.

लहानी म्हणजे तिची धाकटी जाऊ, योगेश्वरी. तिच्याकडे यायचंच आहे, पण आधी तुलसाबाईच्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच आहे.

तिचं माहेर गोरेगावकडचं. घरात गाई भरपूर, भाऊ नाही, म्हणून धार काढायला हिलाच बसवायचे. लग्न होऊन मुर्रीत आली तेव्हा सासूनं दुसऱ्याच दिवशी तिला कोठ्यात नेलं (गोठ्याला इकडे कोठा म्हणतात) आणि एका मारक्या गाईखाली बसवलं. सुनेची परीक्षाच होती ती. तुलसाबाईनं सडाला तेलाचं बोट लावलं, पूर्ण मूठ मिटली आणि वरून खाली एकेक बोट दाबत धार सोडली. गाय रवंथ करत उभी राहिली. सासूनं त्या दिवसापासून कोठा सुनेच्या हाती दिला आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. ही हकिगत मी तुलसाबाईच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की त्या गाईचं शिंग कोणत्या बाजूला वाकडं होतं तेही मी सांगू शकेन.

नंतर दोघं भाऊ वेगळे झाले. तुलसाबाईचा नवरा हुकुमचंद आणि योगेश्वरीचा नवरा ओमेश्वर. भांडण न होता वाटणी झाली, हीच मोठी नवलाची गोष्ट. घराच्या मधोमध विटांची भिंत आली, पण कोठ्यापर्यंत पोचेस्तोवर विटा संपल्या. तिथं बांबूचा तट्टा उभा करून त्यावर शेणमाती लिंपली. अशा भिंतीतून दिसत काही नाही, पण पलीकडच्या गाईनं कान हलवला तरी ऐकू येतं.

तुलसाबाईचा सगळा संसार मग त्या भिंतीला कान लावून चालू झाला. योगेश्वरीनं मिक्सर घेतला, तो सकाळी सकाळी घरघरायचा. हिचा अंगाचा तिळपापड. योगेश्वरीच्या दारची सायली फुलली की ही तिच्यावरून नाक मुरडत जायची. ओमेश्वर जेवल्यावर आपलं ताट आपण उचलतो हे कळलं त्या दिवशी तर तिनं हुकुमचंदला चहाच दिला नाही. तो बिचारा का दिला नाही म्हणून विचारायच्याही भानगडीत पडला नाही, समोर येऊन माझ्या नवऱ्याबरोबर पिऊन गेला.

हे सगळं चालून जात होतं, कारण कोठा तिचा होता. आमच्या गल्लीला आणि गोंदियातल्या काही घरांना तिच्या पवळीचं दूध जायचं. पवळी गावठी, लहान अंगाची. दूध थोडं, पण दाट. एक मिठाईवालाही मोटारसायकलवरून यायचा आणि "काकी, आपके हाथ का दूध अलग ही है" असं रोज म्हणायचा. ते वाक्य ऐकायला तुलसाबाई पदर नीट करून दारात उभी राहायची.

मग योगेश्वरीनं बिजली आणली. जर्सी, बदामी रंगाची, आणि कास एवढी की चालताना पायात यायची. बिजलीच्या पहिल्याच वेतात मिठाईवाल्याची मोटारसायकल दोन हात पुढं जाऊन शेजारच्या दारात थांबायला लागली. तुलसाबाईला तो नमस्कार करायचा, हे आणखी वाईट. "नमस्ते कायले करते तो मले? मी मेली काय?" असं म्हणत ती माझ्याकडे येऊन बसली. डोळे लाल झाले होते. मी चहा ठेवला. "तिले धारसुद्धा काढता येत नाही. अंगठा दुमडून सड वढते. मी ऐकतो ना रोज. आन् गाय कशी? बादली भरून देते. माह्या हातात असती तर…" पुढं ती पोवारीत, म्हणजे तिच्या घरच्या बोलीत, बोलायला लागली. फार चिडली की ती पोवारीत जाते आणि मला काही कळत नाही. सूर मात्र कळतो.

पोळा झाला आणि त्याच आठवड्यात बिजली दुसऱ्यांदा व्याली. कालवड झाली. योगेश्वरीनं गल्लीभर चीक वाटला. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधाची वाटी भावकीत आणि शेजारी द्यायची अशी रीत आहे. माझ्याकडेही आली. मी त्याच्या वड्या करायला ठेवल्या आणि तेवढ्यात तुलसाबाई दारात.

"तुमच्याकडं आला?" तिनं भांड्याकडे बघून विचारलं.

तिच्याकडे आला नव्हता. मधली भिंत सोडून पलीकडच्या चार घरी, मला, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सगळ्यांना दिला आणि सख्ख्या जावेला नाही.

"माही नजर लागते म्हणून," तुलसाबाई म्हणाली. एवढंच बोलून ती गेली. त्या दिवशी तिनं शिव्याही दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तर योगेश्वरीनं कोठ्याच्या तोंडाला धानाची पोती उसवून, शिवून, जाड पडदा लावला. वर बिब्बा, मिरच्या, एक फाटकी चप्पल. मागच्या बाजूला जी जाळी होती तिच्यावरही पोतं ठोकलं. गल्लीत कुणाला सांगायची गरज नव्हती की हा पडदा कुणाच्या डोळ्यांसाठी आहे. मी योगेश्वरीला म्हटलंही, "अगं, आत गरमीनं जीव जाईल जनावराचा." ती माझ्यावरच उखडली. "तुमाले नाही समजत मॅडम. मोठ्या बाईच्या पोटात किती आग आहे ते मले माहीत. मागच्या वेतालेच तिची नजर पडली होती, गाय दोन दिवस पान्हावली नोती."

तिचंही अगदीच खोटं नव्हतं. म्हणजे नजर वगैरे सोडा. आग होती.

आता डोळ्यांना बंदी झाल्यावर तुलसाबाईला कानच उरले. सकाळी ती पवळीखाली बसायची, पलीकडे योगेश्वरी बिजलीखाली. रिकाम्या बादलीत पहिली धार वाजते ती टणटणीत असते. मग दूध चढत जातं तसा आवाज जाड होतो, फेसात बुडतो. तुलसाबाई स्वतःची धार थांबवून ते ऐकायची. बादली किती भरली हे तिला आवाजावरून कळायचं आणि कळलं की दिवसभर तिचं कशात मन लागायचं नाही. बिजली आज किती वेळ देत होती, दुसरी बादली कधी घेतली, हे ती मला येऊन सांगायची. एखाद्या आईनं पोराच्या मार्कांवर ठेवावं तसं लक्ष होतं तिचं त्या गाईवर. योगेश्वरीचं स्वतःचं एवढं नव्हतं.

एके सकाळी ती ऐकत असताना पलीकडची एक धार तुटली.

हे तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन्ही मुठी चालवून दाखवलं. पुढच्या दोन सडांची धार नीट आली. मागच्या दोहोंना हात घातला तर एकच वाजली. दुसरी थेंबथेंब, मग काहीतरी जड असं बादलीत पडलं. गाईनं पाय झाडला. योगेश्वरी दबक्या आवाजात "हो, हो" म्हणाली. बादली बाजूला सरकवल्याचा आवाज आला आणि नंतर परसात काहीतरी ओतल्याचा.

"मले लगेच समजलं," तुलसाबाई म्हणाली. "कास सुजली."

"मग?"

"मंग का? बरं वाटलं."

असं ती म्हणाली, आणि मी तिच्याकडे बघत राहिले. तिनंही डोळे खाली घातले नाहीत. त्या दिवशी तिनं म्हणे पुऱ्या केल्या होत्या. हुकुमचंद विचारत होता, आज काय सण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा भिंतीशी बसली, पण या वेळी पलीकडे धारच वाजेना. बिजली पाय आपटत होती आणि मधूनच हुंकारत होती. तसा हुंकार तुलसाबाईनं माहेरी एकदा ऐकला होता. ती गाय नंतर वाचली, पण तिची कास दगड झाली. पवळीची धार अर्धी टाकून तुलसाबाई हात न धुता तशीच माझ्याकडे आली.

"तुमी सांगा तिले," ती म्हणाली. "जनावराच्या डॉक्टरले बोलाव म्हणा. आत्ताच."

"मी? मला काय कळतं गाईतलं? तुम्हीच जा ना, भिंतीइतकं तर अंतर आहे."

"मी गेली तर ती म्हणंन, पाहा, हिलेच कसं समजलं? हिनंच नजर लावली. मी तं त्या पडद्याच्या आत डोकावलीसुद्धा नाही! जलमभर गल्लीत मले तेच नाव राहीन."

आणि तिचं बरोबर होतं. न जाता ती जळकी होती. गेली असती तर ती करणी करणारी ठरली असती. पण मला त्या सकाळी दोघींचाही संताप आला होता. मी फाडकन म्हटलं, "मग राहू द्या. सुजू द्या. तुम्हाला बरंच वाटत होतं ना? करा आज पण पुऱ्या."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग वळली, गल्ली ओलांडली आणि आपल्या दाराकडे न जाता सरळ योगेश्वरीच्या कोठ्यापाशी गेली. मीही मागे गेले, खोटं कशाला बोलू. तिनं हात वर केला, बिब्बा आणि मिरच्यांची माळ बाजूला सारली आणि पोत्याचा पडदा उचलला.

आतून ओला, आंबूस वास आला. योगेश्वरी गाईच्या मागच्या पायाला दोरी बांधायची खटपट करत होती. तुलसाबाईला बघताच ती ओरडली. "आली! आली पाहा! झालं का मनासारखं? पाहून घ्या डोळे भरून!"

"लहानी, मागचा उजवा सड," तुलसाबाई म्हणाली. "फोन लाव डॉक्टरले."

"तुमाले कसं माहीत कोणचा सड?"

"रोज ऐकतो मी तुह्या गाईची धार. रोज. जळतो म्हणून ऐकतो. कोणता सड कसा वाजते ते तुह्यापेक्षा मले जास्त माहीत हाय. आता लाव फोन."

फोन शेवटी ओमेश्वरनं लावला.

डॉक्टर रुची गोंदियाची, हिंदीत वाढलेली पोरगी. स्कूटीवरून आली, पडदा बघितला आणि काही न विचारता एका बाजूनं ओढून काढला. आत उजेड पडला तेव्हा दिसलं की खाली पसरलेली धानाची तणीस, म्हणजे पेंढा, शेवाळल्यासारखी काळी पडली होती. डॉक्टरनं बुटानं दाबली तर पाणी वर आलं. "हवा नाही, ऊन नाही, नीचे पूरा गीला. गाय यातच बसते ना? सड याच्यातच टेकतात ना?" ती म्हणाली. नजर अडवायला लावलेल्या पोत्यांनी भादव्यातलं उरलंसुरलं ऊनही अडवलं होतं.

डॉक्टरनं चार वाट्या जोडलेलं एक पांढरं प्लॅस्टिकचं ताटलं काढलं. प्रत्येक सडाचं थोडं थोडं दूध एकेका वाटीत, त्यात जांभळं औषध, आणि मग ताटलं गोल गोल फिरवायला लागली. तीन वाट्यांत दूध पाण्यासारखं फिरत राहिलं. चौथीत त्याचा शेंबडासारखा गोळा झाला आणि वाटीच्या तळाला चिकटून बसला.

"हा रोग?" योगेश्वरीनं विचारलं.

"नाही काकी. ही गाईची फौज. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. औषधानं त्या फुटतात आणि असा चिकटा होतो. जितका चिकटा, तितक्या जास्त पेशी आल्यात." डॉक्टरनं बोलता बोलता गाईचं अंग चाचपलं, ताप बघितला. "सडाच्या भोकातून जंतू आत गेले. त्यांची चाहूल लागली की या पेशी रक्तातून वास काढत निघतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत बारीक फटी असतात, त्यातून अंग चोरून बाहेर पडतात आणि थेट दुधात येतात. जंतू भेटला की त्याला चारी बाजूंनी वेढायचं आणि गिळायचं. गिळला की तो पेशीच्या आत एका पिशवीत बंद. मग पेशी त्या पिशवीत असा जहाल रस सोडते की जंतू आत मरून, विरघळून जाते. त्या झगड्यात पेशीही मरते. दुधात ते फाटे, गुठळ्या येतात ना, त्यात या मेलेल्या पेशीच असतात बऱ्याच."

तुलसाबाई त्या चौथ्या वाटीत डोकावून बघत होती. "एवढी फौज आली," ती म्हणाली, "मंग जंतू काऊन नाही मेले?"

"नुकती व्यायलेली गाय आहे. व्यायच्या आगेमागे या पेशी सुस्त होतात, नीट धावत नाहीत, नीट मारत नाहीत. त्याच वेळी तुम्ही तिला चिखलात ठेवली. आणि अजून एक गंमत. दुधात उतरल्यावर या पेशींना जंतू कोणता आणि मलईचा कण कोणता ते कळत नाही. दिसेल ते गिळत सुटतात. मलईनंच पोट भरलं की जंतू गिळायला ताकद राहत नाही."

"घरात चोर, आन् राखणदार मलई खात बसला," तुलसाबाई म्हणाली. मग तिला कोण जाणे काय आठवलं, पुऱ्या असतील, तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं.

डॉक्टर सुई भरत होती. "कधीपासून आहे हे? सच बताना, औषध त्याच्यावर ठरते. आजचं तर नाही वाटत."

ओमेश्वर बायकोकडे बघत होता, कारण त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

"काल सकाळपासून," तुलसाबाई म्हणाली. "मी ऐकलं. सांगतलं नाही."

मला वाटलं आता योगेश्वरी तिच्या अंगावर धावून जाते. ती गाईच्या मानेला हात लावून उभी होती. ती म्हणाली, "काल सकाळी दुधात गुठळ्या आल्या. मी परसात फेकल्या. डॉक्टरीणबाईची गाडी दारात उभी राहिली असती तं मोठ्या बाईले समजलं असतं." तिनं तुलसाबाईकडे बघितलं नाही. "मले वाटलं, बाईले आनंद होईन."

"झाला होता," तुलसाबाई म्हणाली.

डॉक्टरला यातलं किती कळलं मला सांगता येणार नाही. ती फक्त हिंदीत काहीतरी पुटपुटली आणि सुई टोचली. नंतर तिनं सांगितलं ते असं. सडात रोज औषधाची नळी भरायची, पण त्याआधी आतलं सगळं काढून टाकायचं. दर दोन-तीन तासांनी ती कास रिकामी करायची, म्हणजे जंतू आणि मेलेला कचरा बाहेर जाईल आणि रक्तातून ताज्या पेशी येतील. दूध कुणी प्यायचं नाही, विकायचंही नाही. आजारी सड सगळ्यांत शेवटी, नाहीतर हातानंच रोग बाकी सडांना लागेल. जमीन कोरडी. आणि धार पूर्ण मुठीनं, अंगठा दुमडून नाही.

योगेश्वरीनं हात घातला तर बिजलीनं असा पाय झाडला की बादली भिंतीवर जाऊन आपटली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा लाथ. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"सरक," तुलसाबाई म्हणाली.

तिनं हात धुतले, तेलाचं बोट घेतलं आणि बसली. ज्या कासेवर ती दोन वर्षं जळत होती, ती पहिल्यांदा तिच्या हाती आली. पुढच्या सडांना मूठ लागताच दूध असं सुटलं की ती दचकली. "मास्तरीणबाई, करंगळीएवढी धार!" असं ती नंतर मला किती वेळा म्हणाली असेल. तिथं रोगी गाईखाली बसूनही तिच्या पोटात दुखलंच. तिनं लपवलं नाही. हात चालवता चालवता ती बडबडत होती, "एवढं दूध! एवढं दूध, आन् सांभाळता नाही आलं तुले. पवळीले असती अशी कास तं मी तिले पलंगावर निजवली असती." योगेश्वरी ओली तणीस फावड्यानं ओढत होती. तिनं ऐकून घेतलं.

चौथ्या सडाला हात लावताना मात्र तुलसाबाई गप्प झाली. आतून पिवळं पाणी आणि फाटे आले. गाय थरथरली, पण तिनं लाथ मारली नाही.

ते पाच-सहा दिवस तुलसाबाई घरी फक्त भात टाकायला जायची. तिनं पवळीला हुकुमचंदच्या हवाली केलं आणि पवळीनं रागानं दूध चढवलं. ज्या गाईनं तिचं गिऱ्हाईक तोडलं होतं तिच्यासाठी हिचं स्वतःचं दूध कमी झालं, हे मी तिला बोलून दाखवलं. "माहीत हाय मले," ती खेकसली. जाऊ म्हणून दोघींमध्ये काही गोडवा आला असंही समजू नका. एक धार काढायची, दुसरी राखेनं जमीन कोरडी करायची, आणि दोघी गाईशी बोलायच्या.

बिजलीचा ताप उतरला. ती खायला लागली. डॉक्टर पुन्हा आली, ताटलं फिरवलं. तीन वाट्या साफ. चौथीसाठी तिनं सड दाबला, खूप दाबला, पण वाटीत घालायला काही आलंच नाही. "जंतू गेले," ती म्हणाली. "पण आतला भागच जळाला. जिथं दूध बनते तो. पुढच्या वेताला बघू, पण मी खोटी आशा नाही देणार. एक दिवस आधी बोलावलं असतं तर वाचला असता कदाचित."

एक दिवस. ती सहज बोलली आणि किक मारून गेली. दोघी जावा तिथंच उभ्या होत्या. योगेश्वरी बादली घेऊन आत गेली, तुलसाबाई गल्ली न ओलांडता सरळ घरी गेली. त्या दिवशी ती माझ्याकडे आली नाही.

पुन्हा सगळं आपापल्या जागी गेलं. योगेश्वरी आता मुठीनं धार काढते. पडदा गेला. मिठाईवाला परत आला तो तिच्याच दारात, तीन सडांवरही बिजलीचं दूध पवळीपेक्षा जास्तच आहे. त्यानं तुलसाबाईला नमस्कार केला तेव्हा तिचं तोंड पूर्वीसारखंच वाकडं झालं, हे मी खिडकीतून बघितलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मात्र ऐकायचं तिनं थांबवलं नव्हतं. पलीकडे पुढच्या दोन सडांची जोडीनं धार वाजते, आणि मग मागच्या एकट्या सडाची, एकाच हाताची, मधे मोकळी जागा सोडत. ती संपेपर्यंत तुलसाबाईला आपली धार पुढं काढता येत नाही. "तुम्हाला हवं तसं झालं की," मी एकदा चिडवायला म्हणाले. "दूध कमी झालं तिचं." ती माझ्या अंगावर येईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "हो. झालं," आणि चहा न पिता उठून गेली.

संक्रांतीच्या सुमारास पवळी व्याली. मी वासरू बघायला गेले तर तुलसाबाई कोठ्याच्या दारात उभी, तोंडात दोन खिळे, हातात हातोडी आणि काखेत मोठं उसवलेलं पोतं.

"हे काय?"

"आता लहानीची नजर राहीन," ती खिळे सांभाळत म्हणाली. "तिचा सड गेला ना. आता तिले नाही पाहवणार माही गाय. मले नाही का माहीत कसं वाटते ते?"

मला हसावं की रडावं कळेना. तिनं एक खिळा चौकटीवर धरला. तेवढ्यात भिंतीपलीकडे संध्याकाळची धार सुरू झाली. जोडीनं वाजली, दूध चढलं, आवाज जाड झाला. मग ती जोडी थांबली आणि एकटी धार सुरू झाली. ती धार संपेपर्यंत तुलसाबाईची हातोडी वर उचललेली तशीच राहिली.

तिनं दोन्ही खिळे कोनाड्यात ठेवले. पोतं झटकलं आणि वासराखाली अंथरलं. मग आत जाऊन चिकाची सगळ्यांत मोठी वाटी भरली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हे तिले देऊन या. तुमची नंतर." योगेश्वरीनं वाटी घेतली, मोठी आहे हे बघितलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तुलसाबाईच्या कोठ्यात जाऊन बसले. ताज्या व्यायलेल्या पवळीला चांगलं दूध सुटलं होतं, रिकाम्या पातेल्यात धार टणटण वाजत होती. पलीकडे योगेश्वरीही बसलेली होती. तिची जोडधार चालू होती ती मधेच थांबली. बादली हलली नाही, गाय हलली नाही, कुणी उठल्याचाही आवाज नाही.

तुलसाबाईनं मान वळवून भिंतीकडे बघितलं.

"ऐकून राहिली," ती हळूच मला म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत, उलट जरा जोरात चालायला लागले. "ऐकू दे."